रागाचा भर आणि खुनाचा बेत

गेल्या उन्हाळ्यांत एका तालुक्याच्या गांवीं वसंतव्याख्यानमालेंत बोलण्याचा योग आला. माझा विषय शब्दांच्या अर्थांत होणाऱ्या स्थित्यंतरांचा होता. खून, फांशी, न्यायालय यांच्याशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. परंतु आभारप्रदर्शनापूर्वीं अध्यक्षांचें समारोपाचें भाषण असतें, आणि अध्यक्षांना विषयाचें बंधन नसतें, हा आपल्या व्याख्यानमालांचा अलिखित नियम वाचकांच्या परिचयाचा आहेच. अध्यक्ष बहुश्रुत, सेवानिवृत्त, गांवांत मान असलेले असे गृहस्थ होते. त्या आठवड्यांत वर्तमानपत्रांत एक बातमी आली होती: जेवण वाढण्यास उशीर झाला म्हणून एका इसमानें बायकोच्या डोक्यांत वरवंटा घातला व ती जागच्या जागीं मेली. त्या बातमीचा उल्लेख करून अध्यक्ष म्हणाले, “शब्द जपून वापरावे असें प्राध्यापकसाहेब सांगतात, तें खरेंच आहे. आतां हाच प्रकार पाहा. वर्तमानपत्रवाले याला खून म्हणतात. खून म्हणजे आधीं ठरवून, बेत करून केलेली हत्या. हा बिचारा रागाच्या भरांत करून बसला. हें दुर्दैव म्हणावें, खून नव्हे.” सभेनें माना डोलावल्या. पहिल्या रांगेंतील दोन वकिलांनींही डोलावल्या, याचें मला विशेष वाटलें. पाहुण्यानें अध्यक्षांचें खंडन करूं नये हा शिष्टाचार पाळून मी हार गळ्यांत घालून घेतला, नारळ हातांत घेतला आणि घरीं आलों. त्या शिष्टाचाराची मुदत आतां संपली आहे असें मी धरून चालतों.

या एवढ्याशा भाषणांत ‘बिचारा’ हा शब्द दोघांपैकीं कोणाच्या वांट्याला गेला, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. अध्यक्ष दुष्ट नाहींत. ते जें बोलले तें शेंकडों सुशिक्षित घरांत रोज बोललें जातें, आणि म्हणूनच त्याचा समाचार घेणें अवश्य झालें आहे. बेत करून मारणें हाच काय तो खून, आणि बेतावांचून मारणें हा एक प्रकारचा अपघात, अशी समजूत आपल्या बोलण्यांत मुरून गेली आहे. ती कायद्याला धरून नाहीं, हा तिचा लहान दोष होय. मोठा दोष हा कीं, ती बलवानाच्या बाजूनें खोटी साक्ष देते.

प्रथम कायद्याचें पाहूं. अध्यक्षांची व्याख्या आपल्या देशाच्या दंडसंहितेंत कधींच नव्हती. मेकॉलेच्या आयोगानें १८३७ सालीं मसुदा तयार केला. पुष्कळ फेरफार होऊन तो १८६० सालीं कायदा झाला आणि १८६२ च्या जानेवारीपासून अंमलांत आला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. कलमांचे आंकडे बदलले, २९९ आणि ३०० यांच्या जागीं १०० आणि १०१ आले. पण सदोष मनुष्यवध व खून यांच्या व्याख्यांचा गाभा होता तोच राहिला. या व्याख्यांत बेताचें नांव नाहीं. त्या विचारतात तें एवढेंच कीं, करणाराचा उद्देश काय होता, आणि आपल्या कृत्यानें काय होईल याचें ज्ञान त्याला होतें काय. तो उद्देश मनांत घडण्यास वर्ष लागलें कीं पळ लागलें, याची चौकशी त्या करीत नाहींत.

‘पूर्वयोजना नसतां’ अशा अर्थाचे शब्द येतात ते अपवादांत. स्वसंरक्षणाचा हक्क बजावतांना मर्यादा ओलांडली गेली तर, आणि अकस्मात् झालेल्या भांडणांत अकस्मात् मारामारी होऊन कोणी मेलें तर. या दुसऱ्या अपवादाचा आश्रय घेणाराला ‘माझा बेत नव्हता हो’ एवढें म्हणून सुटतां येत नाहीं. आपण गैरफायदा घेतला नाहीं, क्रूरपणें किंवा विलक्षण रीतीनें वागलों नाहीं, हेंही त्याला दाखवावें लागतें. शिवाय मारामारीला दोन पक्ष लागतात. एकानें मारावें आणि दुसऱ्यानें मार खावा याला मारामारी म्हणत नाहींत, हें न्यायालयांनीं वेळोवेळीं सांगितलें आहे. राहतां राहिला गंभीर आणि अकस्मात् प्रक्षोभाचा अपवाद. ताट वेळेवर पुढें न येणें हा गंभीर प्रक्षोभ होय, असें म्हणणारा न्यायाधीश अजून माझ्या वाचनांत आलेला नाहीं.

सर्वोच्च न्यायालयाचा १९५८ सालचा विरसासिंग खटल्यांतील निकाल या बाबतींत प्रसिद्ध आहे. तो लिहिणारे न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस हे नागपूरच्या उच्च न्यायालयांतून वर गेलेले. आरोपीनें भाल्याचा एकच वार पोटांत केला होता, आणि जीव घेण्याचाच त्याचा उद्देश होता असें सिद्ध झालेलें नव्हतें. न्यायमूर्तींनीं विचारलें तें असें: जी जखम झाली तीच करण्याचा याचा उद्देश होता काय? आणि ती जखम निसर्गक्रमानें मृत्यु आणण्यास पुरेशी होती काय? दोन्हींचें उत्तर होकारार्थी आलें. म्हणून तो खून. त्या माणसानें आदल्या रात्रीं भाला पाजळला होता कीं वाटेंत सांपडला तो उचलला, या प्रश्नाचें तेथें कारणच पडलें नाहीं. वरवंट्याला हा नियम लावून पाहण्याचें काम मी त्या दोन वकिलांवर सोंपवितों.

मग ही समजूत आली कोठून? माझ्या मतें ती परदेशी कादंबऱ्यांतून आणि चित्रपटांतून आली. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया राज्यानें १७९४ सालीं खुनाचे दोन दर्जे केले. विष घालून, दबा धरून किंवा अन्य रीतीनें बुद्ध्या व पूर्वविचारानें केलेला खून पहिल्या दर्जाचा, बाकीचे दुसऱ्या. हेतु स्तुत्य होता: फांशीचें क्षेत्र आंखूड करावें. इतर अनेक राज्यांनीं तोच कित्ता गिरविला. परंतु पूर्वविचार म्हणजे किती पूर्वींचा, असा प्रश्न न्यायालयापुढें येतांच त्या शब्दाची पंचाईत झाली. त्याच पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयानें १८६८ सालीं असें ठरविलें कीं, असा बेत मनांत येऊन पक्का होण्यास कितीही थोडा वेळ पुरतो. म्हणजे क्षणापूर्वींचा विचार हाही पूर्वविचारच! असें झाल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या दर्जांमध्यें भिंत म्हणून उरली काय? न्यायमूर्ति कार्डोझो यांनीं १९२८ सालीं न्यूयॉर्कच्या वैद्यांपुढें व्याख्यान देतांना हीच तक्रार केली. भेद इतका धूसर कीं ज्यूरीला तो उमजणें कठीण, आणि माणसाचा जीव मात्र त्याच भेदाला टांगलेला. इंग्लंडची तऱ्हा आणखीच मौजेची. तेथें खुनाच्या व्याख्येंत ‘आधीं योजलेला दुष्टभाव’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग शतकानुशतकें चालत आला आहे, आणि त्यांत दुष्टभावही असावा लागत नाहीं व तो आधीं योजलेलाही असावा लागत नाहीं, असें तेथील न्यायाधीश तितकींच वर्षें सांगत आले आहेत.

पूर्वविचार हें दुष्टपणाचें माप नव्हे, हें सर्वांत रोखठोकपणें सांगितलें तें जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनीं. १८७२ चा आपला पुराव्याचा कायदा यांच्याच हातचा. गृहस्थ मोठा करडा साम्राज्यवादी होता आणि त्याच्या राजकीय मतांबद्दल मला प्रेम नाहीं; पण डोकें लख्ख होतें. १८८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या फौजदारी कायद्याच्या इतिहासांत त्यानें एक कल्पित प्रसंग घातला आहे. एक माणूस रस्त्यानें चालला आहे. पुलाच्या कठड्यावर एक पोर बसलेलें त्याला दिसतें. खालीं खोल नदी आहे. ओळख नाहीं, वैर नाहीं, केवळ लहर आली म्हणून तो त्या पोराला खालीं ढकलून देतो. यांत पूर्वविचार कोठें आहे? आणि ज्यानें महिनोन् महिने मनाशीं झगडून, शेवटीं असह्य होऊन आपल्या छळणाराला मारलें, त्याच्यापेक्षां हा माणूस बरा, असें कोण म्हणेल? मनाशीं झगडणें हा सदसद्विवेकबुद्धि जागी असल्याचा पुरावा असतो. ज्याला झगडावें लागलेंच नाहीं, दुसऱ्याचा जीव घेतांना ज्याच्या मनाला उंबरठाच आडवा आला नाहीं, त्याला आम्हीं ‘बेत नव्हता’ म्हणून सूट द्यावी, हा न्याय उफराटा आहे.

बेताला कांहींच किंमत नाहीं, असें मात्र मला म्हणावयाचें नाहीं. विष विकत आणणें, पाळत ठेवणें, खोटें निमित्त सांगणें, ही तयारी उद्देशाचा पुरावा म्हणून मोलाची आहे आणि पुराव्याच्या कायद्यानें ती तशी मानलीही आहे. शिक्षा ठरवितांनाही ती जमेस धरतात. १९८० च्या बचनसिंग खटल्यांत फांशी द्यावी कीं नाहीं याचा विचार करतांना कोणत्या गोष्टी पाहाव्या याची जी यादी सर्वोच्च न्यायालयापुढें आली व न्यायालयानें विचारार्ह मानली, तींत पूर्वनियोजन आहे. पण तें एकटें नाहीं. ‘पूर्वनियोजन आणि अत्यंत क्रौर्य’ अशी जोडी आहे. एवढ्याशा ‘आणि’मध्यें जो विवेक आहे तो आपल्या बोलण्यांतून गळून पडला आहे.

बोलण्याची गोष्ट निघाली म्हणून माझ्या स्वतःच्या क्षेत्रांत येतों. मराठींत या भावाचे शब्द थोडेथोडके नाहींत आणि ते एकाच अर्थाचेही नाहींत. मुद्दाम, जाणूनबुजून, बुद्ध्या, हेतुपुरस्सर हे शब्द करतांना मन कोठें होतें तें सांगतात. ठरवून, बेतून, कट करून, दबा धरून, पाळत ठेवून हे शब्द करण्यापूर्वीं काय झालें तें सांगतात. पोरानें बशी फोडली म्हणजे आई विचारते, “मुद्दाम फोडलीस?” “ठरवून फोडलीस?” असें ती विचारीत नाहीं. त्या अशिक्षित माउलीचा प्रश्न हा तंतोतंत दंडसंहितेचा प्रश्न आहे. ‘ठरवून’ हा शब्द आपण लग्नासाठीं राखून ठेवला आहे. ठरवून केलेलें लग्न म्हणतों, मुद्दाम केलेलें म्हणत नाहीं. हा भेद घरांतल्या बायकांच्या बोलण्यांत शाबूत आहे. पुसला गेला तो वर्तमानपत्रांत.

तेथें ‘पूर्वनियोजित’ या एका अवजड शब्दानें सर्वांची हकालपट्टी केली आहे. नियोजन हें पूर्वींच असावयाचें. त्याला आणखी ‘पूर्व’ कशाला, हा वैयाकरणी कज्जा मी सोडून देतों. पण संमेलनाला न जाणारे मंत्री ‘पूर्वनियोजित कार्यक्रमामुळें’ येऊं शकत नाहींत, आणि त्याच अंकाच्या दुसऱ्या पानावर माणसें ‘पूर्वनियोजित’ रीतीनें मारलीं जातात, हें वाचून मला नेहमीं चमत्कारिक वाटतें. दंगल झाली कीं पंचनामा होण्यापूर्वींच दोन्ही बाजूंचे पुढारी ती पूर्वनियोजित होती असें सांगून मोकळे होतात. कोणी योजली, कोठें योजली, हें विचारावें तर उत्तर नाहीं. ‘थंड डोक्यानें खून’ हा तर शुद्ध उसना माल. आमच्याकडे डोकें थंड ठेवावें असें वडील माणसें मुलांना सांगत आलीं आहेत. तो गुण आहे, गुन्ह्याची खूण नव्हे. खऱ्या बेताला मराठीनें स्वतःचे शब्द दिले आहेत आणि ते अंगावर कांटा आणणारे आहेत. लग्न ठरलें म्हणजे सुपारी फुटते. मुंबईच्या गुन्हेगारांच्या बोलींत सुपारी दिली म्हणजे कोणाचें तरी मरण ठरलें, त्याचा मोबदला ठरला. असा शब्द असतांना पूर्वनियोजिताची गरज कोणाला? ज्याला नक्की ठाऊक नाहीं, पण ठाऊक असल्याचा भास उत्पन्न करावयाचा आहे, त्याला.

आमच्या जुन्या धर्मशास्त्रकारांनीं प्रायश्चित्तें सांगतांना बुद्धिपूर्व आणि अबुद्धिपूर्व असा भेद केला आहे. त्याच ग्रंथांनीं शिक्षेचें माप जातीवर बसविलें, म्हणून त्यांचा गौरव करण्याच्या फंदांत मी पडत नाहीं. पण त्यांनीं विचारलें तें जाणीव होती कीं नव्हती हें, बेत किती दिवसांचा होता हें नव्हे, एवढें नमूद करून ठेवतों. आणि जबरीनें, दांडगाईनें केलेल्या कृत्याला त्यांनीं ‘साहस’ असें नांव देऊन तें व्यवहारपदांत, म्हणजे दाव्याच्या विषयांत घातलें. आतां तोच शब्द आपण गिर्यारोहकाच्या सत्कारांत वापरतों. शब्दांचें नशीब!

शब्द आणि बेत यांच्या नात्याचें सर्वांत प्रसिद्ध मराठी उदाहरण तर अवघ्या एका अक्षराचें आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना गारद्यांनीं ठार मारलें. राघोबादादांनीं ‘धरावें’ असें लिहिलें होतें, आनंदीबाईंनीं ध चा मा केला, आणि म्हणून धरावयाचे ते मारले गेले, ही कथा मराठी मुलाला मुळाक्षरांबरोबरच कळते. हा फेरफार पुराव्यानें सिद्ध झालेला नाहीं. पण तो क्षणभर खरा धरूं. मग दादांचा बेत कितीचा होता? ‘ध’चा, असें लोक म्हणतात, आणि या एका अक्षराच्या जोरावर निम्में पाप त्यांच्या डोक्यावरून उतरवून ठेवतात.

मला हा हिशेब समजत नाहीं. थकलेल्या पगारासाठीं चिडलेले, नंग्या तरवारींचे भाडोत्री शिपाई ज्यानें भर दिवसा वाड्यांत घुसविले, त्यानें त्यांच्याकडून काय घडेल अशी अपेक्षा केली होती? पोर घाबरून धांवत आलें तें चुलत्याच्याच कमरेला मिठी मारून राहिलें, असें सांगतात. त्या वेळीं दादांच्या पुढें ना ध होता ना मा. जिवंत पुतण्या होता. दंडसंहितेच्या १११ व्या कलमाचा आशय असा होता कीं, चिथावणी एका कृत्याची दिली आणि घडलें दुसरें, पण तें दुसरें कृत्य त्या चिथावणीचा संभाव्य परिणाम असेल, तर चिथावणी देणारा त्यालाही जबाबदार. नव्या संहितेनेंही हें तत्त्व सोडलेलें नाहीं. रामशास्त्री प्रभुण्यांपुढें हें कलम नव्हतें. तरी त्यांनीं दादांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितलें असें परंपरा एकमुखानें सांगते. शास्त्रीबुवांनीं अक्षर तपासलें नाहीं, माणूस तपासला. लोकांनीं मात्र अक्षर धरलें, त्यासाठीं एक बाई शोधून काढली, आणि अडीचशें वर्षें वाक्प्रचारांत तिला फांशी देत राहिले. बेत कोणाच्या नांवें मांडावयाचा आणि कोणाला त्यांतून मोकळें करावयाचें, याचा निवाडा आपली भाषा पुराव्यावांचून कसा करते, त्याचा याहून बोलका नमुना मला माहीत नाहीं.

हा जुन्या काळचा अडाणीपणा, असें कोणी म्हणेल, म्हणून मुंबईचीच गोष्ट सांगतों. २७ एप्रिल १९५९ रोजीं नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांना पत्नीनें आपल्या परपुरुषाशीं असलेल्या संबंधाची कबुली दिली. दुपारीं दीडच्या सुमारास ते घरून निघाले. पत्नीला व मुलांना सिनेमागृहावर सोडलें, सहा वाजतां न्यायला येतों असें सांगितलें. तेथून जहाजावर गेले; रात्रीं एकट्यानें मोटार हांकीत अहमदनगरला, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरला, जावयाचें आहे असें निमित्त सांगून पिस्तूल आणि सहा काडतुसें घेतलीं. प्रेम आहुजांच्या कचेरींत गेले. ते तेथें नव्हते म्हणून घरीं गेले. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास आहुजा मेलेले होते. झटापटींत गोळ्या सुटल्या, असा आरोपीचा बचाव होता. ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतानें त्यांना निर्दोषी ठरविलें. सत्र न्यायाधीशांना तें न पटून त्यांनीं प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविलें. तेथें जन्मठेप झाली, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. जवळजवळ तीन तासांत भानावर येण्यास भरपूर अवकाश होता, असें न्यायालयानें म्हटलें. १९६४ सालीं राज्यपालांनीं माफी दिली.

निकालापेक्षां मला शहराचें वागणें अधिक विचार करण्याजोगें वाटतें. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानें कमांडरांची बाजू उचलून धरली होती, आणि दुखावलेल्या पतीचा संताप हें शब्द घरोघर झाले होते. तीन तास, एक सिनेमा, एक बहाणा, सहा काडतुसें, दोन पत्ते. आणि तरीही लोकांच्या तोंडीं ‘रागाच्या भरांत’! मी कमांडरांच्या दुःखाची थट्टा करीत नाहीं. तें खरें होतें. माझा प्रश्न निराळा आहे. एखाद्या हमालानें घरून कोयता घेतला असता, मुकादमाला खोटें सांगून सुट्टी काढली असती, आणि दोन ठिकाणीं शोध करून तिसऱ्या प्रहरीं आपला माणूस गांठला असता, तर त्याला आपण रागाचा भर बहाल केला असता, कीं पूर्वनियोजन? या शब्दांचा उपयोग आपण घड्याळाकडे पाहून करीत नाहीं. आरोपीच्या कपड्यांकडे पाहून करतों.

आतां उलट बाजू. किरणजित अहलुवालिया ही मूळची पंजाबची, लग्नानंतर इंग्लंडांत राहिलेली बाई. दहा वर्षें नवऱ्याचा मार खाल्ला. १९८९ सालीं एका रात्रीं पुन्हां मारहाण झाल्यावर, नवरा झोंपल्यानंतर तिनें त्याच्या अंथरुणावर पेट्रोल टाकून आग लावली. तो पुढें मेला. तिला खुनाबद्दल जन्मठेप झाली. इंग्लंडांत १९४९ च्या एका खटल्यापासून नियम चालत आला होता कीं, प्रक्षोभाचा बचाव घेणाराचा संयम ‘अकस्मात् व तात्पुरता’ सुटलेला असला पाहिजे. ती थांबली होती. नवरा झोंपेपर्यंत वाट पाहिली होती. म्हणून तिच्या बाबतींत रागाचा भर नाहीं! १९९२ सालीं अपिलांत ती शिक्षा रद्द झाली, पण ती तिच्या मानसिक विकलतेच्या पुराव्यावर. प्रक्षोभाचा मुद्दा टिकला नाहीं. संयम अकस्मात् सुटलेला असावा ही अट तेथें पुढें २००९ च्या कायद्यानें काढून टाकली.

झोंपलेल्या माणसाला जाळणें हें निर्दोष कृत्य आहे, असें मी म्हणत नाहीं. पण ती थांबली कां, याचा विचार करा. जागेपणीं हात उचलला असता तर तीच मेली असती. बारा मण वजनाच्या रागाला वेळ लागत नाहीं. तो हातांतच असतो, आणि हात नसला तर वरवंटा असतो. दुबळ्याच्या रागाला रात्र लागते, झोंप लागते, साधन लागतें, संधि लागते. जो तत्काळ मारूं शकतो त्याचें मारणें ‘भर’ ठरतें. जी तत्काळ मारूं शकत नाहीं तिचें मारणें ‘बेत’ ठरतें. असें माप ज्यानें प्रथम वापरलें तो पुरुष असावा आणि अंगानें धडधाकट असावा, याविषयीं मला शंका नाहीं. आमच्या सर्वोच्च न्यायालयानें नानावटी खटल्यांतच, मृताच्या पूर्वींच्या वर्तनानें तयार झालेली मनाची पार्श्वभूमि प्रक्षोभाचा विचार करतांना पाहतां येईल, असें तत्त्व सांगून ठेवलें आहे. त्या दाराचा उपयोग अशा बायकांसाठीं किती झाला, हें कायदेपंडितांनीं एखाद्या लेखांत सांगितलें तर मी ऋणी होईन.

आणि त्या वरवंट्याच्या धन्याचा राग तरी इतका अकस्मात् होता काय? दिवसभर साहेबाचे बोल त्यानें मुकाट्यानें ऐकले असतील, तेथें भर आला नाहीं. बसच्या रांगेंत धक्के खाल्ले असतील, तेथें आला नाहीं. सावकारापुढें, पोलीस शिपायापुढें, थोरल्या भावापुढें तो कधीं आला नाहीं. ज्या एका ठिकाणीं आलेल्या रागाला जाब विचारला जात नाहीं, तेथेंच तो नेमका आला, आणि यापूर्वींही तेथेंच अनेकदां येऊन गेला असला पाहिजे. पहिल्याच दिवशीं कोणी वरवंटा उचलीत नाहीं. प्रथम शब्द येतो, मग थप्पड, मग पट्टा. प्रत्येक वेळीं शेजारीं दार लोटून घेतात आणि ‘रागीट आहे, पण मनाचा वाईट नाहीं’ असें म्हणतात. राग इतका पत्ता ओळखून येत असेल, तर त्याला आंधळा म्हणणाऱ्यांनीं फेरविचार करावा.

या लेखाची एक प्रत मीं त्या अध्यक्षमहाशयांना आधींच पाठविली. एखाद्याच्या पाठीमागें त्याच्यावर लिहिणें मला आवडत नाहीं. त्यांचें उत्तर लगोलग आलें. सुवाच्य अक्षर, दोन पानें, अत्यंत सौजन्याची भाषा. दंडसंहितेविषयींचें माझें म्हणणें त्यांना मान्य आहे. नानावटींच्या तारखा त्यांनीं स्वतः पडताळून पाहिल्या. ध चा मा विषयींचा भाग तर त्यांना फार आवडला. शेवटीं, सहीच्या खालीं, निराळ्या शाईनें एक ओळ होती:

“परंतु, प्राध्यापकसाहेब, ती बाई त्याला आधीं कांहीं तरी बोलली असेलच ना?”